महाराज, भिंतीला इंजिन लावू नका

गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनसेवा करणाऱ्या तरुण महाराज मंडळींना,

मायना लिहितानाच हात अडला. तुमच्यातले बहुतेक जण माझ्या मुलाच्या वयाचे, काही तर मी दहावीला शिकवलेल्या पोरांहूनही लहान. त्या हिशेबानं ‘चिरंजीव’ लिहायला हवं. पण तुम्ही नारदाच्या गादीवर उभे राहता आणि तिथं मीही वाकून पाया पडतो, म्हणजे मग ‘तीर्थरूप’. चांगदेवांची हीच पंचाईत झाली होती. स्वतः १४०० वर्षांचे, समोर पोरसवदा ज्ञानदेव. मायना सुचेना, म्हणून कोरा कागद धाडला. मुक्ताईनं तो पाहिला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगला तरी कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं. आपलं त्या मानानं बरं आहे. वारीत सगळेच एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, तिथं वय बघत नाहीत. चांगदेवांच्या वेळी ही सोय नव्हती, कारण ज्यांच्यामुळं ती झाली तेच समोर बसले होते.

तर, माऊली,

मी हायस्कुलात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. घर माळकरी. निवृत्त झाल्यापासून गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा माझ्याकडे असतो, रात्री दोन ते चार. ती वेळ कुणालाच नको असते, म्हणून मास्तरांना. मांडवाबाहेर उभा राहून दगड मारणारा मी नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

यंदा चौथ्या दिवशीचं कीर्तन. महाराजांचं नाव घेत नाही, कारण असं करणारे ते एकटे नाहीत. आवाज खणखणीत, पाठांतर असं की एका चरणाला चार प्रमाणं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव निघाले. इकडं चौघं भावंडं भिंतीवर बसलेली. ज्ञानदेवांनी भिंतीवर थाप मारली. पखवाज थांबला. मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. माझ्या शेजारचे एक म्हातारबाबा तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा तळहातावर तसाच थबकला. आणि महाराज म्हणाले, “आता शहाणी माणसं विचारतील, भिंत चालेल कशी? अहो, ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर! वस्तू म्हणजे ऊर्जाच. माऊलींनी तेव्हा जे केलं ते आइन्स्टाईनला आत्ता कळलं. नासानंसुद्धा मान्य केलंय!”

टाळ्या पडल्या. म्हातारबाबांनी तंबाखू तोंडात टाकली.

मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून घरी येऊन हिशेब करून पाहिला. एक किलो वस्तुमानाची सगळी ऊर्जा झाली तर ती ९ वर १६ शून्यं इतके ज्यूल भरते, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या हजारपटीहून जास्त. भिंतीतल्या एका दगडाची जरी या सूत्राप्रमाणे ऊर्जा झाली असती, तरी चांगदेव, वाघ, चौघं भावंडं आणि अख्खी आळंदी यांतलं काही उरलं नसतं. पासष्टी मग कुणी लिहायची? त्या सूत्रात भिंत चालण्याची सोय नाही. आणि नासाला या भिंतीचा पत्ताही नसावा.

पण माझी तक्रार भौतिकशास्त्राची नाही. तेवढीच असती तर कीर्तन संपल्यावर महाराजांना बाजूला घेऊन सूत्र समजावलं असतं, चहा पाजला असता. तक्रार अशी की भिंत छान चालली होती. महाराजांनी तिला इंजिन लावलं आणि ती जागच्या जागी बसली.

माझी आजी निरक्षर होती. तिच्या बोलण्यात ‘म्हणे’ फार. “त्याला म्हणे मुंबईला नोकरी लागली.” “तिच्या सासूनं म्हणे पाटल्या मोडल्या.” ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ चिकटवला की खऱ्याखोट्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही, हे मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतं. पण भिंतीच्या गोष्टीला आजीनं कधी ‘म्हणे’ लावला नाही. “भिंत चालली.” साधा भूतकाळ, जसं “गाय व्याली”. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. मी लहान असताना आजीबरोबर तिथं गेलो होतो. तिनं भिंतीला हात लावला, तोच कपाळाला लावला आणि म्हणाली, “चल, ऊन चढलं.” गाय व्याली असं कुणी सांगितलं असतं तर ही बाई गोठ्यात जाऊन वासरू बघून आली असती, खोंड की कालवड ते विचारलं असतं. भिंतीचं तिला काहीच तपासायचं नव्हतं, आणि ते तपासायचं राहून गेलं असंही तिला वाटत नव्हतं. दोन्ही वाक्यांचं व्याकरण एकच, पण आजीच्या तोंडी ती दोन वेगळ्या कामांना लागलेली असत. आपण शिकलेले लोक मात्र क्रियापद सारखं दिसलं की दावाही सारखाच समजतो. मग एकजण पुरावा मागतो आणि दुसरा नासाला बोलावतो. (त्याच ‘म्हणे’चं दुसरं रूप बघा. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तेव्हा तो शब्द जबाबदारी झटकत नाही, अंगावर घेतो.)

दुसरी गोष्ट वडिलांची. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला, परदेशातल्या देवळांतही प्यायला. आमच्या गावात मारुतीच्या देवळातल्या गणपतीपुढं सकाळपासून रांग. मी तेव्हा तरुण आणि कडक. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रयोगशाळेतला दगडी बत्ता टेबलावर उभा केला आणि चमच्यानं त्याला दूध पाजलं. चमचा काठोकाठ भरला की पृष्ठताणामुळं दुधाचा फुगवटा काठाच्या वर येतो. तो दगडाला टेकला की दूध दगडाकडं ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. देवाच्या अंगावरून ओघळताना ते गर्दीत कुणाला दिसत नाही, एवढंच. बत्त्यानं चार चमचे दूध प्यायलं. पोरं खूश, मी त्याहून खूश.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील माळकरी, पण आदल्या दिवशी देवळाकडं फिरकले नव्हते. मला वाटलं, ते माझ्या बाजूचे. त्यांनी विचारलं, “नामदेवाची गोष्ट ठाऊक आहे ना?” आहेच. बाप गावाला गेला म्हणून पोर नैवेद्य घेऊन विठोबापुढं बसलं, देव जेवेना तसं रडू लागलं, डोकं आपटायला निघालं, आणि देव जेवला. “नामदेवाचा देव जेवला, कारण पोरगं रडलं,” वडील म्हणाले. “काल देवळात कोण रडत होतं?” मग जरा वेळानं: “तुझा प्रयोग बरोबर आहे. पण तो रांगेतल्यांसाठी. मी रांगेत नव्हतो.”

हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागली. रांगेतला प्रत्येक जण चमचा धरून प्रयोगच करत होता, माझ्यासारखाच. माझा प्रयोग जास्त नीट होता, इतकाच फरक. यंदाच्या कीर्तनात नासाचं नाव निघालं तेव्हा मला ती रांग आठवली.

आता तुमच्याच एका शब्दाकडं येतो: प्रमाण. न्यायदर्शनात प्रमाणं चार, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फडावर मात्र प्रमाण म्हणजे संतांची ओवी किंवा अभंगाचा चरण. तुम्ही अर्धा चरण टाकता, मागचे टाळकरी तो उचलतात, चाल लावतात, मांडव डोलतो. तिथं प्रमाणानं काही सिद्ध होत नसतं. ज्याला ते माहीत आहे त्यालाच ते पुन्हा दिलं जातं. ‘अमृतानुभवा’चं सहावं प्रकरण म्हणजे शब्दखंडन. त्यात ज्ञानदेव सुरुवातीला शब्दाचं कौतुक करतात ते याच कामासाठी, ‘स्मरणदानीं प्रसिद्धु’. शब्द आठवण देतो. आणि मग, जे कधी विसरलंच जात नाही त्याला आठवणीची काय गरज, असं विचारत तोच शब्द अलगद काढून घेतात. शब्दावर एवढी हुकूमत असलेला माणूस शब्दाची हद्द कुठं संपते ते इतक्या शांतपणे दाखवतो, त्यानं मी दर वाचनाला थक्क होतो. तुम्ही त्याच माणसाच्या भिंतीला बाहेरचा दाखला जोडता. आणि नासाच्या प्रमाणाला टाळकऱ्यांना चाल लावता येत नाही, माऊली. यंदा तेच झालं. सगळे टाळ हातात धरून नुसते उभे.

साक्षीपुराव्याच्या तराजूचीच हौस असेल तर डेव्हिड ह्यूम या तत्त्ववेत्त्यानं तो १७४८ सालीच मांडून ठेवला आहे. साक्ष खोटी असणं हा मूळ चमत्काराहून मोठा चमत्कार ठरत असेल, तरच चमत्कारावर विश्वास ठेवा, असं त्याचं माप. त्या तराजूत भिंत घातली की पारडं कुठं जातं हे सांगायला नको. मग ती तिथं घालायचीच कशाला?

मला जास्त जवळचा वाटतो तो दुसरा तत्त्ववेत्ता, विटगेनस्टाईन. १९२९ साली केंब्रिजला नीतीवर भाषण देताना तो श्रोत्यांना म्हणाला, समजा तुमच्यातल्या एकाला एकाएकी सिंहाचं डोकं फुटलं आणि तो गर्जना करू लागला. (आपल्याला नरसिंह आठवतो. त्याला आठवायचं कारण नव्हतं.) याहून विलक्षण काय घडायचं? पण धक्का ओसरला की मी डॉक्टर बोलावीन, शास्त्रीय तपासणी करवीन, आणि त्या माणसाला यातना होणार नसत्या तर चिरफाडही करून बघितली असती. मग चमत्कार गेला कुठं? विज्ञानानं चमत्कार खोटा पाडला, असं त्याला म्हणायचं नाही. त्याचं म्हणणं, तपासायची नजर ही चमत्कार बघायची नजरच नव्हे. आमच्या मांडवात यंदा नेमकं हेच झालं. भिंत निघाली होती आणि महाराजांनी डॉक्टरला हाक मारली.

त्याच भाषणात तो म्हणतो की मला नवल वाटतं ते जग मुळात आहे याचं. आणि हे बोलायला गेलं की वाक्याचा अर्थच निसटतो, आपल्याच पिंजऱ्याच्या भिंतींवर धडका मारल्यासारखं होतं. तरी या धडका मारण्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्याची थट्टा मी जन्मात करणार नाही, असं सांगून तो थांबतो. माझ्या काही विवेकवादी मित्रांना मी हा शेवट मुद्दाम वाचून दाखवतो.

जगाच्या नवलासाठी भाषेत एकही वाक्य पुरेसं नाही, पण भाषा असणं हेच त्या नवलाचं बोलणं, असंही काहीसं तो सुचवून गेला. ते वाचलं आणि मला पैठणचा रेडा आठवला. त्या गोष्टीत रेडा उडत नाही, सोन्याचा होत नाही. रेडा बोलतो. ज्यांना वेदाचा उच्चार करायची मुभा नव्हती त्यांच्या मुलखात सगळ्यात मोठं नवल कुठलं, हे गोष्ट रचणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही मात्र तिथं घाईनं पोचता. वेदाच्या आधी वळ आहेत. ‘याचंही नाव ज्ञाना’ म्हणून कुणीतरी रेड्याकडं बोट दाखवतं, ज्ञानदेव म्हणतात, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्यावर आसूड ओढला जातो आणि वळ मुलाच्या पाठीवर उमटतात. माझा गळा दाटतो तो इथं. या वळांचा शास्त्रीय पुरावा आजवर कुणी मागितलेला मी ऐकला नाही, ना भाविकानं ना टीकाकारानं. महाराजही वळ एका वाक्यात उरकतात आणि स्वरयंत्र, कंपनं, लहरी यांवर पंधरा मिनिटं घेतात. आमच्यातले पुरोगामी दुसरी पळवाट काढतात: रेडा म्हणजे मुका बहुजन समाज, ज्ञानदेवांनी त्याला वाचा दिली. अर्थ सुरेख आहे, मी वर्गात तो कितीदा सांगितला. पण रूपक हाती लागलं की माणूस मोकळा होतो. पाठीवरचं कुणीच बघत नाही. जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. तिथं लोक डोकं ठेवतात ते रूपकापुढं नव्हे, आणि स्वरयंत्रापुढंही नव्हे.

कायद्याचंही जाता जाता सांगतो, कारण तुमच्यातले काही जण त्याची भीती घालतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यावर वारकरी मंडळींतूनही हरकती आल्या होत्या. झालेल्या कायद्यात दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला मोकळीक आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं मात्र गुन्हा. म्हणजे सांगा, दाखवू नका. विटगेनस्टाईनचं बरोबर उलटं होतं, जे दाखवता येतं ते सांगता येत नाही म्हणायचा. मला ही गंमत वाटते. पण ‘सांगणं’ आणि ‘दाखवणं’ ही दोन वेगळी कामं आहेत एवढं तरी विधिमंडळाला कळलं. कीर्तनात ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर आलं की सांगण्याचं दाखवणं होऊ लागतं.

त्यानं काय बिघडतं? आमच्या आळीतल्या एक बाई. गेल्या वर्षी एका महाराजांनी सांगितलं की नामस्मरणानं तांब्यातल्या पाण्यात ऊर्जा भरते, त्यानं पेशी बदलतात आणि हे प्रयोगानं सिद्ध झालंय. गोळ्या बंद करा असं ते म्हणाले नाहीत, हे मी स्वतः ऐकलंय. बाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. चप्पल लागून पायाला जखम झाली, चिघळली, पायाचा अंगठा काढावा लागला. भेटायला गेलो तेव्हा पाय उशीवर, बाजूला तांब्या. म्हणाल्या, “महाराजांचं काही चुकलं नाही, मास्तर. माझाच भाव कमी पडला.”

हे वाक्य ऐकल्यापासून या पत्राचा विचार डोक्यात आहे. त्या बाई भोळ्या नाहीत, भिशीचा हिशेब तोंडपाठ ठेवतात. पाण्याची गोष्ट त्यांना गोष्ट म्हणून मिळाली असती तर हात जोडून ऐकली असती आणि घरी जाऊन गोळी घेतली असती, जशी माझी आजी भिंतीला हात लावून उन्हाकडं बघायची. पण ‘सिद्ध झालंय’ हा शब्द गोष्टीतला नाही, तो दवाखान्यातला. बाईंनी तो दवाखान्यातला म्हणूनच घेतला. आणि दवाखान्यातली गोळी लागू पडली नाही तर माणूस डॉक्टरला जाब विचारतो. इथं जाब स्वतःच्या श्रद्धेला विचारला गेला.

तुकोबांचा एक अभंग आहे, चमत्काराच्या कीर्तनात तो मी कधीच ऐकत नाही. वह्या इंद्रायणीत बुडाल्या, १३ दिवसांनी कोरड्या वर आल्या, एवढं तुम्ही सांगता आणि जयघोष करता. ज्यांच्या वह्या आल्या ते काय म्हणतात? ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं । चित्त क्षोभविलें ॥’ विजयाचा सूरच नाही. लोकांच्या बोलण्यापायी देवाला वेठीला धरलं, डोळे झाकून तेरा दिवस बसून त्याला शिणवलं, याची लाज आहे. कागद पाण्यात राखले हेही त्याच अभंगात आहे, सरळ, ‘म्हणे’ न लावता. पण ते वाक्य बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, देवाला सांगितलेलं आहे, माफी मागता मागता. आणि हेच तुकोबा दुसरीकडं म्हणतात, ‘दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी ॥’

पुढच्या वर्षी आमच्या सप्ताहात तुमच्यापैकी जे कुणी याल, त्यांनी पाचव्या दिवशी ‘थोर अन्याय केला’ निरूपणाला घ्यावा ही विनंती. पंच मंडळींशी मी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. भिंत चालवा, रेडा बोलवा, वह्या वर आणा, काही गाळू नका. वळांपाशी मात्र थोडं थांबा. त्या बाईही येणार आहेत, त्यांच्यासाठी पुढं खुर्ची ठेवायची ठरली आहे, कारण खाली बसता येत नाही.

बिदागी दरवर्षीप्रमाणं. उतरायची सोय शाळेच्या वर्गात आहे, तिथं डास फार, त्यापेक्षा माझ्या घरी उतरा. मी पावणेदोनला पहाऱ्यासाठी बाहेर पडतो आणि आमचं दार करकरतं, तेवढं झोपेत दचकू नका.

आपला,
रात्री दोन ते चारचा विणेकरी